पट्टीवरचा गड

चिनूनं गच्चीवर बसून चित्र काढलं. मधोमध पर्वती, ऐटीत, माथ्यावर देवळाचा कळस. तिच्या उजव्या अंगाला सिंहगड, एखाद्या टेंगळाएवढा.

"गड पर्वतीपेक्षा लहान आहे होय?" आबांनी विचारलं.

"दिसतो तसा काढला."

आबांचं सगळं आयुष्य जमीन मोजण्यात गेलेलं. त्यांनी चिनूला पट्टी घ्यायला लावली, हात ताठ ठेवून एक डोळा मिटायला सांगितला. पर्वती साडेतीन सेंटीमीटर भरली, गड दोन.

"चित्र इमानानं काढलंयस," आबा म्हणाले. "पण डोळा उंची मोजत नाही, कोन मोजतो. अंतर आपण मनानं धरतो, आणि तिथंच फसतो. पर्वती इथून जेमतेम 1 किलोमीटर आणि गड सरळ रेषेत 18 किलोमीटर. मधलं धायरी, मधलं खडकवासला आपल्याला दिसतच नाही. सगळं पर्वतीआड आणि छपरांआड गेलंय. मग मन त्या दोघांना शेजारी-शेजारी उभं करून टाकतं. पाऊस पडून हवा धुतली गेली की गड आणखीच जवळ सरकतो, पाहिलंस ना?"

आकडे त्यांच्या जिभेवरच होते. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर, पर्वती 640, गड 1300. म्हणजे शहरावर पर्वती 80 मीटर उठते आणि गड 740. चिनूनं मान डोलावली. आकड्यांना मान डोलावणं सोपं असतं.

रविवारी दोघं स्वारगेटहून गडाच्या पायथ्याच्या बसनं गेले. पर्वतीच्या 103 पायऱ्या चिनू एका दमात चढायची, म्हणून इथंही तिनं पावलं मोजायला घेतली. 103 झाली तेव्हा मागं वळून पाहिलं, तर आलेली बस खाली तशीच उभी. ड्रायव्हरच्या खिडकीतला टॉवेलसुद्धा दिसत होता.

निम्म्या वाटेवर ती दगडावर बसून राहिली. तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई मागून आली. पाटीत दह्याची मडकी. वाट पुढं होती तशी ती एका लयीत गेली, थांबली नाही.

माथ्यावर तीच बाई दही विकत बसली होती. चिनू कठड्याशी उभी राहून धुरकट शहरात पर्वती शोधत होती.

"काय हुडकतीस गं बाय?"

"पर्वती, मावशी."

"हितनं समदं सारखंच दिसतंय बघ. टेकडी काय नि इमारत काय." तिनं हातातलं मडकं चिनूपुढं केलं. "खा. दमलीस लई."

"तुम्ही रोज चढता?"

"रोज. पावसात बी. उजाडायच्या आत निघायचं, म्हंजी ऊन लागत न्हाई."

चिनूनं दही खाल्लं आणि मडकं दोन्ही हातांत धरून पाहिलं. एकच होतं, तरी मातीचं वजन लागत होतं.

सोमवारी सकाळी आबा गच्चीवर आले तेव्हा ती ब्रश तोंडात धरून कठड्याशी उभी होती. चित्राची वही खालीच होती, पट्टीही. पर्वतीच्या उजवीकडं गड होता तसाच, दोन सेंटीमीटरचा.

"किती वाजले, आबा?"

"साडेसहा."

तिनं गडाकडं बोट केलं, माथ्याच्या जरा खाली.

"मावशी आता तिथं असतील. त्या दगडापाशी."