कोणामुळे किती जण वाजवू लागले

धान घरात आलं, भाऊबीज झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, वडसा या टापूत गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतो, आणि दिवसा जिथे बैल धावले त्या गावात रात्री नाटक असतंच. ते पहाटेपर्यंत चालतं. त्यात गाणी भरपूर, आणि ती तिथल्या तिथे गायली-वाजवली जातात. वादकांच्या ताफ्यात ऑर्गन आणि तबल्याच्या जोडीला आता ऑक्टोपॅड असतो. आठ रबरी चौकोनांची ही पाटी जपानच्या रोलँड कंपनीनं १९८५ मध्ये बाजारात आणली. आजच्या ऑक्टोपॅडवर काठी पडली की ढोल वाजतो, झांज वाजते, वीजही कडाडते. खलनायक प्रवेश करतो तेव्हा छातीत जो ठोका पडतो, तो या पाटीवरून आलेला असतो.

काठीच्या एका टोल्यातून विजेचा ताल काढायचा, ही कल्पना बँडच्या दुनियेत रुजवणाऱ्यांत जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचा क्राफ्टवेर्क हा बँड आघाडीवर होता. १९७० च्या दशकात त्यांनी स्वतः जुळवलेल्या पॅडवर ताल धरला. त्यांच्या सुरावटीवर न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या आफ्रिका बंबाटानं १९८२ मध्ये 'प्लॅनेट रॉक' रचलं, आणि हिप-हॉपचा एक मोठा रस्ता तिथून फुटला. झाडीतल्या ऑक्टोपॅडवाल्यानं यातलं काही ऐकलं असेलच असं नाही. तरी त्याचे हात ज्या रीतीनं चालतात, त्या रीतीत ड्युसेलडॉर्फचा थोडा वाटा आहे. पुढच्या संगीतावर सगळ्यात जास्त प्रभाव कोणत्या रॉक बँडचा, या वादात मला रस वाटतो तो इथून. हा वाद बहुतेक वेळा नावांचा होतो. मला तो हातांचा व्हावासा वाटतो.

वादाची नेहमीची चाल सगळ्यांना पाठ आहे. एक जण बीटल्स म्हणतो. दुसरा लेड झेपेलिन म्हणतो, तिसरा पिंक फ्लॉइड, चौथा ब्लॅक सॅबथ. मग पुरावे येतात: अमुक गाण्यातला गिटारचा तुकडा तमुक गाण्यात कसा आला, कोणी कोणाला गुरू मानलं. या पुराव्यांतून साम्य सिद्ध होतं, प्रभाव होतोच असं नाही. ज्याला आधीच गिटार येत होती त्यानं आणखी एक ढंग उचलला, तर संगीतात एका ढंगाची भर पडली. ज्याच्या घरात सात पिढ्यांत कोणी वाद्याला हात लावला नव्हता, त्यानं कोणाला तरी ऐकून वाद्य उचललं, तर मात्र एक माणूस वाढला. माझ्या लेखी दुसरी गोष्ट कितीतरी मोठी आहे.

रॉकच्या इतिहासात हे मोजमाप नवं नाही. न्यूयॉर्कच्या वेल्व्हेट अंडरग्राउंडची पहिली तबकडी १९६७ मध्ये आली आणि फारशी खपली नाही. ब्रायन ईनो या संगीतकारानं १९८२ मध्ये एका मुलाखतीत म्हटलं, की ज्यांनी ज्यांनी ती विकत घेतली त्या प्रत्येकानं पुढे बँड काढला असावा. हे वाक्य इतकं फिरलं की आता घासून गुळगुळीत झालंय, पण त्यातला विचार पुरता वापरलाच गेलेला नाही. तो शेवटपर्यंत नेला तर बीटल्ससुद्धा पहिल्या नंबरावर राहत नाहीत. त्यांच्या आधी ब्रिटिश गायक लॉनी डोनेगन होता.

डोनेगनचं 'रॉक आयलंड लाइन' १९५६ मध्ये ब्रिटनभर गाजलं. त्या गाण्याला लागायचं काय? एक स्वस्त गिटार, कपडे घासायची पत्र्याची पाटी आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी-दोरी लावून केलेला बास. स्वर तीन-चार जमले तरी पुरे. महायुद्धातून सावरणाऱ्या देशातल्या कामगारवस्त्यांत पोरांनी घरोघरी असे ताफे जमवले. लिव्हरपूलच्या जॉन लेननचा 'क्वारीमेन' हा त्यांतलाच एक, आणि जुलै १९५७ मध्ये पॉल मॅकार्टनी त्याला भेटला तो याच ताफ्याच्या कार्यक्रमात. आणखी मागे गेलं तर ते गाणं डोनेगनचंही नाही. लोकगीतं गोळा करणाऱ्या जॉन लोमॅक्सनं १९३४ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या तुरुंगात काळ्या कैद्यांकडून ते ध्वनिमुद्रित केलं आणि लेड बेली या गायकानं पुढे नेलं. म्हणजे प्रभावाच्या यादीत वर कोणाला बसवायचं तर तुरुंगात मजुरी करता करता गाणाऱ्या त्या माणसांना. अशा याद्यांत त्यांना जागाच नसते, आणि हा त्या याद्यांचा खरा दोष आहे.

हे मोजमाप घेऊन झाडीत यावं. नागभीड हे रेल्वेचं जंक्शन. गोंदिया-बल्लारशा मार्ग इथून जातो आणि नागपूरकडची नॅरोगेज गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत इथवर येत होती. आजूबाजूला धानाच्या बांध्या, त्यापलीकडे जंगल. एका बाजूनं झाडीची दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं, दक्षिण-पूर्वेकडून गोंड-माडियांचा रेला नाच, नागपूरकडून कव्वाली आणि धुमालचे ढोलताफे. इतक्या गोष्टी ज्या भागात एकमेकींना भेटतात, तिथे कोणाचा प्रभाव सगळ्यात मोठा हा प्रश्न पोकळ राहत नाही.

माझं उत्तर तुकडोजी महाराज आणि त्यांच्या खंजिरीभोवती उभी राहिलेली भजन मंडळं हे आहे. महाराज १९०९ मध्ये अमरावतीकडच्या यावलीत जन्मले, मोझरीचा गुरुकुंज आश्रम त्यांनी १९३५ मध्ये उभारला. पण चिमूर तालुक्यातलं गोंदेडा ही त्यांची तपोभूमी, आणि झाडीचा माणूस त्यांना आपलं मानतो. 'चले जाव'च्या लढ्यात १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर पेटलं त्यामागे त्यांच्या भजनांनी तयार केलेलं मन होतं. इंग्रज सरकारनं त्यांना त्याच महिन्यात अटक केली. भजनं म्हणणाऱ्याला सरकार तुरुंगात टाकतं तेव्हा त्याच्या गाण्याच्या ताकदीबद्दल वेगळा पुरावा लागत नाही.

राजकारण आणि अध्यात्म क्षणभर बाजूला ठेवून फक्त वाद्याकडे पाहिलं तरी माझं म्हणणं टिकतं. खंजिरी म्हणजे लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं आणि कडेला झांजा. एका हातात मावते, चालता चालता वाजते. तबल्याला जोडी हवी, बसायला जागा हवी, शिकवणारा हवा. पेटीला पैसे हवेत. खंजिरीला यातलं काही लागत नाही. भजनाची चाल अशी, की एकानं ओळ सोडली की शंभर जणांनी ती झेलावी. भाषा कधी मराठी, कधी हिंदी, दोन्ही शेतमजुराला कळतील अशा. महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेनं या भजनाला रोजची वेळ दिली. आठवड्यातून एकदा जमणारा हौशी ताफा आणि रोज संध्याकाळी एकत्र येणारं मंडळ यांत फार अंतर पडतं; रोजच्या मंडळात हात आपोआप तयार होतो. गावाला पेटीवाला मिळाला नसेल, खंजिरीवाला मिळालाच. डोनेगनच्या पत्र्याच्या पाटीनं ब्रिटनमध्ये जे केलं ते विदर्भात खंजिरीनं त्याच्या किती तरी आधी केलं, आणि अजून ते थांबलेलं नाही. अकोल्याकडच्या सत्यपाल महाराजांनी एका खंजिरीच्या सात केल्या, सप्तखंजिरीच्या कीर्तनातून व्यसन आणि अंधश्रद्धेवर बोलत राहिले, आणि आज सात खंजिऱ्या मांडून बसणारी लहान लहान पोरं गावागावांत दिसतात. मूळ वाद्य घेऊन त्याचं वेगळंच काही करणारी पिढी तयार होणं, यापेक्षा मोठा प्रभाव मला सुचत नाही.

याच्या तोलाचा दुसरा दावा आहे आणि तो मी हलका मानत नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. नागपूरनंतर दोनच दिवसांनी. त्यानंतरच्या काळात या जिल्ह्यांत भीमगीतांच्या गायन पार्ट्या उभ्या राहिल्या आणि जयंतीच्या रात्री दोन पार्ट्यांचा सामना ऐकायला माणसं दूरदूरच्या गावांहून येऊ लागली. भीमगीतं रचणारे वामनदादा कर्डक सिन्नरकडचे, मोठेपणी अक्षरओळख झालेले. त्यांची गाणी छापील पुस्तकापेक्षा तोंडातोंडी जास्त फिरली. ज्यांना देवळाच्या भजनात मागे बसवलं जायचं, त्यांनी स्वतःची पेटी, स्वतःची ढोलकी, स्वतःचं व्यासपीठ मिळवलं. वाद्याला हात लावणाऱ्यांची संख्या मोजायची तर भीमगीत आणि खंजिरी यांत कोण पुढे हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मी खंजिरीला कौल देतो तो एवढ्यासाठी, की ती आधी आली आणि जातींच्या भिंती ओलांडून एकाच मंडळात वेगवेगळ्या घरची माणसं बसवण्याची धडपड तिनं केली. कोणी उलट कौल दिला तर मी त्याच्याशी आनंदानं वाद घालीन.

आता मुंबईच्या रॉकबद्दल, कारण महाराष्ट्रात रॉक म्हटलं की तेच डोळ्यांसमोर येतं. १९७० च्या आसपास सिमला सिगरेटच्या नावानं होणाऱ्या 'सिमला बीट' स्पर्धेत देशभरचे बँड उतरत. पुढे धोबीतलावचं रंगभवन तरुणांचं तीर्थ झालं. १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक'चे मेळे भरले. महेश तिनईकर आणि उदय बेनेगल यांच्या रॉक मशीननं १९८८ मध्ये स्वतः रचलेल्या गाण्यांचा अल्बम काढला. परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल हीच कसोटी मानणाऱ्या श्रोत्यांपुढे हे धैर्याचं काम होतं, आणि त्यांच्या मागून आलेल्या इंग्रजी बँडांना त्याचा आधार मिळाला. पण ही वाट नागभीडला पोचली नाही. गिटार महाग, अॅम्प्लिफायर त्याहून महाग, वीज बेभरवशाची आणि शब्द इंग्रजी. या चार अडचणींत वादकांचा काही दोष नाही. त्यांची तयारी अव्वल होती. तरीही ऐकणाऱ्याला 'हे मलाही जमेल' असं वाटायला लावणं हे तयारीपेक्षा वेगळं बळ आहे, आणि ते नेहमी सर्वांत तयार वादकाकडेच असतं असं नाही.

ब्लॅक सॅबथचा बर्मिंगहॅमचा गिटारवादक टोनी आयोमी याचं उदाहरण इथे मला फार मोलाचं वाटतं. पत्र्याच्या कारखान्यात यंत्रावर काम करताना त्याच्या दोन बोटांची टोकं तुटली. डावखुरा असल्यानं नेमकी तारा दाबायच्या हाताची. त्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुढे तारा सैल लावून वाजवलं. ब्लॅक सॅबथचा तो खोल, जड आवाज घडण्यात या जखमेचा हात आहे. नंतरच्या हेवी मेटलनं धडधाकट बोटांनी तोच आवाज आपलासा केला. कारखान्यातल्या मजुराची अडचण साऱ्या जगातल्या एका संगीताची रीत झाली. अशा ठिकाणी प्रभाव हा शब्द मला पूर्ण वजनानं वापरता येतो.

मात्र प्रभाव वाढला म्हणजे भलंच झालं, असं मी मानत नाही. झाडीत नाटकानं दंडारीतली माणसं घेतली, त्यांना बिदागी दिली, वडशाला नाटकमंडळ्यांचं केंद्र उभं राहिलं. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या झाडीचा ऊर भरून आला. त्याच ओघात दंडार आटत गेली. ऑर्गनच्या पट्ट्या ठरलेल्या स्वरांवर बसतात. दोन पट्ट्यांच्या मधला जो स्वर जुन्या गळ्यांत होता, तो पट्टीवर आला की सरळ होतो. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला दारं बंद ठेवली होती ती साधारण अशाच युक्तिवादावर. ती बंदी मला अन्यायाची वाटते, कारण पेटीनं गाणं गरिबाघरी नेलं. पण तक्रारीत तथ्य होतं. रेल्याचा ठेका आता लग्नाच्या धुमालमध्ये आणि डीजेवर ऐकू येतो, ढोलाशिवाय आणि हातात हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांशिवाय. रेल्यात ऐकणारा आणि गाणारा असे दोन पक्ष नसतात, डीजेसमोर असतात. माझ्याच मोजमापानं पाहिलं तर इथे माणसं वाढण्याऐवजी कमी झाली.

म्हणून प्रभाव कोणाचा हे विचारताना त्यानं कोणाचे हात रिकामे केले हेही विचारायला हवं. बीटल्सबद्दल हा प्रश्न पुस्तकांतून विचारून झालाय. झाडीत तो विचारायला अजून वेळ आहे, कारण पेटीवरून ऑर्गनवर आणि तबल्यावरून ऑक्टोपॅडवर आलेले वादक आपल्यात आहेत. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, आणि हे काम त्याच्या अंगणातलं आहे: अशा वादकांसमोर बसून त्यांना विचारावं, की पहिल्यांदा कोणाला ऐकून हात शिवशिवला, ते वाद्य कोणाचं मागून आणलं, आणि ऑर्गनवर बसत नाही म्हणून कोणती चाल सोडून द्यावी लागली. ती चाल त्यांच्याकडून गळ्यानं गाऊन घ्यावी आणि ध्वनिमुद्रित करावी.