रिपोर्टावर नाव तुझं हवं

नागपूर, 4 जून

चि. बाळू यास,


तू पाठवलेला रिपोर्ट पाहिला. "मामा, मित्राचा आहे, जरा बघून सांगा" असं खाली लिहिलंयस. वर नाव कुणा शर्मांचं, वय 38. जबलपूरला नेपियर टाउनच्या पॅथॉलॉजीत मी एकतीस वर्षं लोकांचं रक्त काढलं. मित्राचा म्हणून आलेला कागद बहुतेक वेळा कुणाचा असतो, ते त्या नोकरीत शिकलो. शिवाय दिवाळीत तू अभ्यंगाला बसलास तेव्हा पाठभर पुरळ दिसला होता आणि चेहरा उन्हातून आल्यासारखा लाल. तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही, ती चूक माझी.

ताई आठवडाभर आमच्याकडे आहे, म्हणून पत्र टाकतोय. भाऊजी तर विजेचं बिलसुद्धा उघडत नाहीत, तेव्हा हे तुझ्याच हाती पडेल. ताईला मी काही बोललेलो नाही.

आधी घाईचं. त्या रिपोर्टात पीसीव्ही 54.2 आहे. शंभर भाग रक्तात तांबड्या पेशींचे किती भाग, तो हा आकडा. पुरुषात साधारण 40 ते 50 असतो. टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतलं की हाडांतला मगज जास्त तांबड्या पेशी करू लागतो आणि रक्त दाट होतं. ज्यांना आजारासाठी डॉक्टरांनीच हे औषध दिलेलं असतं, त्यांच्याबाबतही अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीची 2018ची मार्गदर्शिका म्हणते की 54च्या वर गेलं तर इंजेक्शन थांबवा. त्या माणसांचा डोस रक्तातली कमतरता भरून काढण्यापुरताच असतो. तुमच्या जिममधला 'कोर्स' त्याच्या किती पट असतो, ते तुला ठाऊक आहे. जूनमधलं जबलपूर, त्यात तू कटिंगच्या नावाखाली पाणी तोडलेलं असशील, तर थोडा आकडा त्यानंही चढला असेल. दोन दिवस नीट पाणी पिऊन पुन्हा सीबीसी कर. पण याच आठवड्यात कर, आणि कागद घेऊन डॉक्टरकडे जा. मधल्या काळात छातीत दुखलं, दम लागला, एकच पोटरी सुजून दुखू लागली, बोलताना जीभ जड झाली, तर लॅबची वाट पाहू नकोस. विक्टोरिया रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज, जे जवळ असेल तिथे कॅज्युअल्टीत जा आणि पहिल्याच वाक्यात सांग की इंजेक्शन घेतो.

आणि जिममधल्या कुणाचं ऐकून रक्तदान करून पातळ करायला जाऊ नकोस. हा उपाय तिकडे सर्रास चालतो. रक्त गेलं की शरीरातलं लोह जातं आणि त्याचा साठा दाखवणारं फेरिटिन तळाला लागतं. औषध चालू असेल तर मगज पुन्हा पेशी करतच राहतो. आणि रक्तपेढीत फॉर्मवर खोटं लिहून दिलेलं रक्त कुणा आजाऱ्याला चढतं, हेही लक्षात ठेव.

आता त्या शर्मांविषयी.

मी नोकरीत नवा असताना एक मुलगा यायचा. तुझ्यासारखाच, खांदे दारात मावत नसत. दर वेळी वेगळं नाव सांगायचा, आणि मी लिहून घ्यायचो. चार पैसे रोख मिळतात, आपल्याला काय करायचंय, असा विचार. पहिल्यांदा त्याचा पीसीव्ही 47 होता, काही महिन्यांनी 51, नंतर 55. तीन नावं असल्यानं रजिस्टरमध्ये ती तीन माणसं झाली, आणि चढ कुणालाच दिसला नाही. एकेक कागद पाहणाऱ्याला एवढंच वाटणार की शेवटचा जरा जास्त आहे. पुढे तो मुलगा पायातल्या शिरेत गाठ झाली म्हणून दवाखान्यात भरती झाला. वाचला. पण त्याच्या आईनं लॅबमध्ये येऊन "पहले का कोई रिपोर्ट है क्या भैया?" असं विचारलं, तेव्हा मला रजिस्टर उघडता आलं नाही.

हल्ली लॅबचा संगणक त्याच माणसाचा जुना आकडा नव्याशेजारी ठेवतो आणि फरक मोठा असेल तर अडवतो. आमच्या धंद्यात त्याला डेल्टा चेक म्हणतात. तू शर्मा झालास की तो पहारेकरी आपणहून रजेवर जातो. त्यातून वय 38 लिहिलंस. तू 26 वर्षांचा. काही तपासण्यांची नॉर्मल रेंज वयानुसार बदलते.

उरलेला कागद वाचतो. एसजीओटी 96, एसजीपीटी 78. तुझ्या कोचनं सांगितलं असेल, लिव्हर थोडं गरम आहे, टॉनिक घे. ही दोन्ही द्रव्यं यकृतात असतात, तशी स्नायूंतही असतात. आदल्या दिवशी पायांचा व्यायाम जोरात केला तरी चढतात आणि आठवडाभर चढलेली राहू शकतात. धडधाकट पोरांना कावीळ समजून उसाच्या रसावर ठेवलेलं मी पाहिलंय. उलटही होतं. खरोखर यकृताला त्रास असतो आणि कोच म्हणतो, अरे ते लेग डेचं आहे. निवाडा करायला जीजीटी करतात, ते स्नायूंतून येत नाही. सोबत सीपीके केलं तर स्नायूंचा वाटा कळतो. म्हणून पुढची तपासणी सात दिवस वजनं न उचलता कर. सात दिवसांत दंड वितळत नाहीत.

क्रिएटिनिनचंही तसंच. अंगावर मांस जास्त, वर क्रिएटिनची पावडर, म्हणजे आकडा फुगणारच. शंका असेल तर डॉक्टर सिस्टॅटिन सी करायला सांगतील, ते मांसावर फारसं अवलंबून नसतं.

एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 22. याला कुठली पळवाट नाही. हा आकडा 40च्या वर हवा. इतका खाली गेला म्हणजे इंजेक्शनसोबत गोळ्याही चालू असाव्यात असा माझा अंदाज. स्टॅनोझोलोल वगैरे तोंडावाटे घ्यायच्या स्टेरॉइडांनी एचडीएल फार वेगानं पडतं. खरं असेल तर गोळ्या आजच बंद कर, ही माझी विनंती समज.

टेस्टोस्टेरॉन '1500हून जास्त' आहे, म्हणजे यंत्राची मोजपट्टीच संपली. इंजेक्शन घेतल्यावर कितव्या दिवशी रक्त दिलंस? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिलं असशील तर तो शिखराजवळचा आकडा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन एनँथेट किंवा सिपिओनेट घेणाऱ्यांचं रक्त दोन इंजेक्शनांच्या मधोमध काढतात, काही जण पुढच्या सुईच्या अगदी आधी काढतात. दिवस लिहिला नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही. आणखी एक. केस गळतात म्हणून तू बायोटिनच्या गोळ्या घेतोस, असं ताई सांगत होती. काही यंत्रांत बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि एलएच हे मेंदूकडून येणारं हॉर्मोन खोटं कमी दिसतं. अमेरिकेच्या एफडीएनं 2017 साली याबद्दल इशारा दिला होता. रक्त देण्याआधी काही दिवस ती गोळी बंद ठेव आणि लॅबवाल्याला तसं सांग. नँड्रोलोनसारखं औषध असेल तर तेही काही यंत्रं टेस्टोस्टेरॉन म्हणूनच मोजतात. इस्ट्रॅडिओलचंही तेच, पुरुषात साध्या यंत्रावरचा आकडा बेभरवशाचा. मास स्पेक्ट्रोमेट्रीवर करून घेतलेला बरा, नमुना बाहेर पाठवावा लागला तरी चालेल.

एलएच 0.1. बायोटिनला काय वजा करायचं ते करू, पण हा आकडा मुख्यतः एकच सांगतो. बाहेरून माल येतोय म्हणून मेंदूनं आतला कारखाना बंद ठेवलाय. वीर्य तयार होण्याचा हुकूमही तिथूनच निघतो. 1990 साली जागतिक आरोग्य संघटनेचा एक अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. निरोगी पुरुषांना आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनँथेट दिलं होतं, तेही पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून. सहा महिन्यांत निम्म्याहून अधिक जणांचे शुक्राणू शून्यावर आले. बंद केल्यावर बहुतेकांचे परतले, पण त्यालाही महिने लागले, आणि ते एकटं टेस्टोस्टेरॉन होतं, मोजून दिलेलं. नाशिकचं स्थळ पक्कं झाल्याचं ताई आनंदानं सांगते आहे. साखरपुड्याआधी वीर्याची तपासणी कर. जे येईल ते त्या मुलीला सांग. हे मी लॅबवाला म्हणून सांगत नाही.

आता कागदावर जे नाही ते. तुझ्या कोचनं तुला 'फुल बॉडी पॅकेज' करायला लावलं आणि रिपोर्ट बरा आला तर पुढचा कोर्स सुरू करू म्हणाला, हे मी पैजेवर सांगतो. रक्त हृदयाबद्दल फार थोडं बोलतं. 2017 साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात वजनं उचलणाऱ्या 140 पुरुषांचा अभ्यास आला. 86 जणांनी स्टेरॉइड घेतली होती, 54 जणांनी नव्हती. न घेणाऱ्यांचं हृदय एका ठोक्याला डाव्या कप्प्यातलं सरासरी 63 टक्के रक्त बाहेर टाकत होतं, घेणाऱ्यांचं 52. ही गोष्ट इकोवर दिसते, सीबीसीत दिसत नाही. ब्लड प्रेशर तर फुकटात मोजता येतं, आणि व्यायाम करणाऱ्या पोरांपैकी एकानंही मला ते आपणहून मोजायला सांगितलं नाही. जिममध्ये मेफेंटरमिनची इंजेक्शनं फिरत असतील तर त्यांच्या जवळही जाऊ नकोस. शस्त्रक्रियेत रक्तदाब पडला तर चढवायचं ते औषध आहे.

एका बाटलीतून चारजण माल काढता का? सुया वेगळ्या असल्या तरी बाटली एक असेल तर एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी, तिन्ही करून घे. त्यात लाज कसली.

तुला ओरडून काही उपयोग नाही, हे मला कळतं. गन कॅरेज फॅक्टरीच्या वसाहतीत आम्ही जोर-बैठका मारायचो तेव्हा बदाम आणि तूप एवढीच आमची मजल होती, तेव्हा मोह न झाल्याचं श्रेय मी घेत नाही. माझं म्हणणं, हे सोड. पण एकट्यानं, रागाच्या भरात सगळं एकदम फेकून देऊन महिनाभर अंथरुणात पडू नकोस. कारखाना बंद असताना बाहेरचाही माल थांबला की माणूस फार खचतो, झोप जाते, नको ते विचार येतात. मेडिसिनच्या किंवा हॉर्मोनच्या डॉक्टरांच्या हाताखाली सोड. नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरात अशा व्यायामपटूंसाठी रुग्णालयात वेगळी ओपीडी चालवली गेली. तिथले डॉक्टर कोर्सच्या आधी, दरम्यान आणि नंतर शंभर जणांच्या मागे वर्षभर राहिले. आपल्याकडे तशी ओपीडी माझ्या पाहण्यात नाही, पण खरं सांगणाऱ्या पेशंटला खुर्चीतून उठवणारा डॉक्टरही मी पाहिलेला नाही. कंटाळलेला पाहिलाय, चिडलेलाही. त्याला काय घेतलं, किती, कधीपासून आणि शेवटची सुई कधी, हे एका चिठ्ठीवर लिहून दे. बोलायला जमत नसेल तर लिहिणं सोपं जातं.

एक काम मात्र पत्र वाचून झाल्यावर लगेच कर. दोन वर्षांपूर्वी अप्रेंटिसशिपसाठी तुझं मेडिकल झालं होतं. तो कागद ताईच्या पत्र्याच्या पेटीत, तुझ्या दहावीच्या मार्कशीटखाली असायला हवा. त्यावर हिमोग्लोबिन असेल. त्याची तिप्पट म्हणजे साधारण तेव्हाचा पीसीव्ही. तू कोर्स सुरू करण्याआधीचं तुझ्या रक्ताचं तेवढंच पान आपल्याकडे आहे, आणि त्यावर नाव तुझं आहे.

मी 11 तारखेला ताईला घेऊन जबलपूरला येतोय. तोवर वजनं बंद ठेव. 12ला सकाळी बाकीच्या तपासण्यांसाठी उपाशीपोटी तयार राहा, मी स्वतः सोबत येईन. फॉर्मवर तुझं नाव आणि 26 हे वय लिहायचं. रक्त दिल्यावर खोव्याची जलेबी खाऊ, पैसे माझे.

तुझा,
मामा