सहज संभाषण आणि सत्य

कलावंताशीं निवांतपणें झालेलें बोलणें लोकांपुढें मांडतांना सत्य कशांत पाहावें? १८२३ सालीं तरुण लेखक एकरमन वायमार येथें जर्मन महाकवि गटे याच्या सहवासांत आला. १८३२ मध्यें गटे निवर्तला तोंपर्यंत त्यांचीं संभाषणें चाललीं. १८३६ सालीं तीं ग्रंथरूपानें निघालीं, तेव्हां कित्येक प्रसंग त्रोटक टिपणांवरून व स्मरणावरून मागाहून रचलेले होते. तेवढ्यावरून त्यांस असत्य म्हणावें काय? आमच्या मतें नाहीं. रागाच्या भरांतला एखादा उद्गार अक्षरशः उतरून घेतला, तरी त्यावरून मनुष्याची विपरीत ओळख होऊं शकते. मात्र रचनेची मोकळीक घेणाऱ्यानें तसें स्पष्ट सांगावें. हा मला दिसलेला गटे आहे, असें एकरमननें प्रस्तावनेंतच म्हटलें. विश्वासानें बोलणारा आणि विश्वासानें वाचणारा, दोघांचेंही ऋण त्यानें तेथें फेडलें.