विक्रेत्याचें मौन

घराच्या तुळया किडलेल्या आहेत हें ठाऊक असूनहि घर विकणारा गृहस्थ तें बोलला नाहीं, तर त्यानें लबाडी केली काय? ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें लिहिलेल्या आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत सिसेरोनें या प्रश्नावर डायोजिनीस व अँटिपेटर या दोन स्टोइक पंडितांचा वाद मांडला आहे. पहिला म्हणतो, घर घ्या असा आग्रह कोणीं केला होता? न बोलणें निराळें, फसविणें निराळें. दुसऱ्याच्या मतें हें वाट चुकलेल्यास मार्ग न दाखविण्याहूनहि वाईट. कारण येथें जाणूनबुजून दुसऱ्यास चुकीच्या वाटेला लावलें जातें. सिसेरो दुसऱ्याच्या बाजूचा आहे, आणि आम्हीहि. परंतु ती बाजू निभावणें किती अवघड आहे, हें एका जपानी मोटारीच्या विक्रींत चांगलें दिसतें.

माझ्दा कंपनीनें १९९१ ते २००२ या काळांत बांधलेल्या आर्‌एक्स-७ गाडीच्या इंजिनांत वरखालीं होणारे पिस्टन नाहींत. दोन त्रिकोणी रोटर फिरतात व त्यांच्या प्रत्येक कोपऱ्यावर धातूची एक बारीक पट्टी दाब धरून ठेवते. बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर फिरणारे दोन टर्बो आंत हवा कोंबतात. हवेचा दाब वाढविला कीं शक्ति वाढते, आणि हौशी तरुणाचे हात येथेंच शिवशिवतात. जपानी कारखानदारांनीं २००४ पर्यंत आपसांत पाळलेली २८० अश्वशक्तीची मर्यादा तो सहज ओलांडतो. मात्र एखाद्या क्षणीं इंधन कमी पडलें, तर मिश्रण अवेळीं भडकून ती पट्टी तडकूं शकते.

पुढें लग्न होतें, मूल होतें, गाडी विकण्याची पाळी येते. टर्बोवर ओतलेला पगार कोणी भरून देत नाहीं. उलट मूळ स्थितींतल्या गाडीसच अधिक मोल येतें. मूळचे भाग त्यानें जपून ठेवलेलेच असतात, कारण दर दोन वर्षांनीं होणाऱ्या सरकारी तपासणीसाठीं ते लागतात. ते बसविले कीं गाडी पूर्ववत्. एकहि भाग खोटा नाहीं, एकहि शब्द खोटा बोललेला नाहीं. लपलें आहे तें केवळ त्या यंत्राचें पूर्वायुष्य. आणि पूर्वायुष्य हा कांहीं दोष नव्हे, असें डायोजिनीस म्हणेल. पट्ट्या कदाचित् धडधाकटहि असतील!

हा 'कदाचित्' आम्हांस सलतो. दोन्ही रोटरांच्या सहाहि बाजूंचा दाब मोजणारें उपकरण आहे. तें लावून पाहण्यास जो कचरतो, त्याचें अज्ञान त्यानें स्वतःच पत्करलेलें असतें. आणि ज्ञान लपविण्याहून तें फारसें निर्दोष आहे असें आम्हांस वाटत नाहीं. दडविलेला माल विकूं नये असें मनूनें सांगितलें. आपल्यापासूनच दडवून ठेवलेल्या मालाचें काय? उलट, बसविलेल्या प्रत्येक भागाची यादी प्रेमानें वाचून दाखविणारा विक्रेताहि असतो. त्याला आम्ही लबाड म्हणणार नाहीं, पण तो सांगतो तें आपण काय खर्चिलें. गाडीनें काय सोसलें तें त्या यादींत येत नाहीं.

त्या गाडींत बसून उद्यां कोणीतरी परका तरुण डोंगरी रस्त्यानें वेगानें जाणार आहे. दाबाचे सहा आंकडे लिहिलेला कागद विक्रेत्यानें त्याच्या हातीं ठेवला, तर किंमत बरीच उतरेल, आणि घरीं त्याबद्दल बोलणीं खावीं लागतील तीं वेगळींच. गिऱ्हाईक तो कागद न वाचतांच खिशांत घालील, असाहि संभव आहे; त्याचें सारें लक्ष तोंवर किल्लीकडे लागलेलें असतें.