उचलणारं माणूस

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या माडीवर, बाहेरच्या खोलीतल्या कोनाड्यात फोन आहे. त्याच्याखाली आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल, शेजारी नंबरांची वही आणि दोऱ्यानं बांधलेलं पेन. गेल्या महिन्यात निरोप आला, की तांब्याची जुनी लाइन आता बंद होणार. नंबर ठेवायचा तर फायबर घ्या, नाहीतर फोन सरेंडर करा. मी पुण्याहून आले ती फोन ठेवायचाच असं ठरवून. आईची बाजू घेऊन भांडायची माझी तयारी होती.

"बंद करून टाकू," आई म्हणाली. ती मेथी निवडत होती. मान वर न करताच बोलली.

"आई, अर्ज केल्यावर पाच वर्षांनी मिळालेला फोन आहे हा. 1984 ला बाबांनी नाव घातलं, 1989 ला फोन आला. गल्लीत पेढे वाटले होते."

"मीच वाटले. म्हणून काय कायम ठेवायचा?"

"अडीअडचणीचं बघ. 2019 चा पूर आठव. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. लाइट गेली, तुझा मोबाइल संध्याकाळपर्यंत संपला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपण याच फोनवर बोलत होतो."

"होय. मग चौकातल्या डब्यात पाणी शिरलं आणि हाही गेला. पण तोवर आधार होता, हे खरं."

"कारण याला घरची वीज लागतच नाही. एक्स्चेंजमध्ये 48 व्होल्टची बॅटरी असते. ज्या तारेतून आवाज येतो, तिच्यातूनच वीजही येते. भारनियमनात अख्खी गल्ली अंधारात असायची, तरी फोन चालायचा तो त्यामुळं."

"मग त्या फायबरमधून येईल का वीज?"

मी थांबले. काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, वीज येत नाही. घरात एक डबा बसवतात, तो आपल्याच प्लगवर चालतो. लाइट गेली की डबा बंद आणि फोनही बंद. वेगळी बॅटरी जोडली तर तेवढाच वेळ.

"म्हणजे ज्याच्यासाठी ठेवायचा म्हणतेस, तेच जाणार," आई म्हणाली. "उरतं काय?"

"नंबर."

"तो तरी तोच कुठं आहे? आकडे वाढत गेले. यंत्र दोनदा बदललं. आधी चकतीचं काळं होतं, मग बटणांचं आलं, आता हे. तारही बदलणार म्हणतात. मग आपण ठेवतोय ते काय?"

मला मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आठवला. राजा रथातून आलेला असतो. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? एकेक भाग वेगळा काढून बघितला तर रथ कशातच सापडत नाही. सगळे भाग एकमेकांच्या आधारानं उभे असतात, तेव्हा त्याला आपण रथ हे नाव देतो. आईला मी हे सांगितलं.

"छान आहे," ती म्हणाली. "मग फोन म्हणजे काय?"

"घराला हाक मारायची सोय. मोबाइल माणसाचा असतो, हा घराचा. मोबाइलवर आपण 'कुठं आहेस?' असं विचारतो. इथं 'कोण बोलतंय?' असं विचारायचो, आणि जो उचलेल त्याच्याशी दोन शब्द बोलायचो. मला बाबांशी बोलायचं असायचं, पण आधी आजी, मग तू. त्या दोन-दोन शब्दांनी नाती धरून ठेवली, आई. आता ज्याच्याशी काम, त्यालाच फोन. घराला कुणी विचारत नाही."

हे मी मनापासून बोलत होते, आणि आजही मला ते खरंच वाटतं. आईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"घराचा फोन म्हणतेस. घर म्हणजे कोण गं?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही.

"बाबा शाळेत, तुम्ही दोघं कॉलेजात. आजींना ऐकू कमी यायचं. वाजला की उठायचं मी. तव्यावर पोळी असली तर गॅस बारीक करून, पिठाच्या हातानं. गल्लीतल्या अकरा घरांनी आपला नंबर पी.पी. म्हणून दिला होता. रात्री अकरानंतर एसटीडीचे दर पाव व्हायचे, म्हणून बाहेरगावचे फोन अकरानंतर. मी जिना उतरायची, दार वाजवायची, माणसाला उठवून वर आणायची आणि त्याचं बोलणं होईपर्यंत स्वयंपाकघरात जाऊन बसायची, त्याला मोकळं बोलता यावं म्हणून. समोरच्या वहिनींचा भाऊ गेला, तो फोन मीच घेतला. कसं सांगायचं ते जिना उतरताना जुळवत होते. त्यांनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि मला काही बोलावंच लागलं नाही."

मीही त्याच घरात वाढले. फोनची घंटा माझ्या कानात अजून आहे. तिच्यासाठी उठणारी आई मात्र मला आठवत नव्हती.

"मला त्याचं वाईट नाही वाटत," ती म्हणाली. "त्यात मान होता. लोक भरवशानं नंबर द्यायचे. पण तो भरवसा यंत्राचा नव्हता. ही बाई घरात असणार आणि उठणार, याचा होता."

"तर मग तोच भरवसा राहावा म्हणून ठेवूया की."

"आता गुडघे उठू देत नाहीत. पहिली घंटा झाल्यावर कोनाड्यापर्यंत पोचेतो फोन थांबतो. मागं घाईत पडले, ते तुला सांगितलं नव्हतं. आणि नुसता ठेवायचा, उचलायचा नाही, हे मला पटत नाही. परवाच्या पावसाळ्यात लाइन महिनाभर मेली होती. धाकट्या नणंदबाई रोज फोन करत होत्या. त्यांना पलीकडं वाजलेलं ऐकू येत होतं. इथं आवाज नाही. त्यांना वाटलं, वहिनी रागावली."

तसंच होतं. फोन करणाऱ्याला जी रिंग ऐकू येते, ती आपल्या यंत्रातून येत नाही, एक्स्चेंज ऐकवतं. इथली तार तुटली तरी त्याच्या कानात घंटा वाजतच राहते, आणि तो वाट बघत राहतो.

"पण ज्यांच्याकडं तेवढाच नंबर आहे, त्यांचं काय? एकदम बंद केला तर त्यांच्यासाठी तू नाहीशीच होशील."

"हे मात्र तुझं खरं," आई म्हणाली, आणि बराच वेळ गप्प राहिली.

2013 च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हा लोकांनी रांगा लावून शेवटच्या तारा पाठवल्या होत्या. त्यातल्या पुष्कळशा आठवण म्हणून जपून ठेवायला. आईला आठवण जपायची नव्हती. तिला तिच्याकडे येणाऱ्या हाकांची सोय लावायची होती. मग आमच्यात ठरलं ते असं. आधी वहीतल्या प्रत्येकाला याच फोनवरून कळवायचं, नंतरच सरेंडरचा अर्ज. पुराची, अंधाराची सोय म्हणून आईला साधा, मोठ्या बटणांचा मोबाइल घ्यायचा, ज्याचं चार्जिंग चार दिवस टिकतं. सोबत भरलेली पॉवर बँक.

"आणि अजून एक," आई म्हणाली. "मी केला की तू उचलायचास. तुझा मोबाइल दिवसभर मुका असतो. कामात असलीस तर रात्री कर, पण त्याच दिवशी."

नागसेनाच्या रथाचा जो भाग मी मोजलाच नव्हता, तो तिनं माझ्या हातात ठेवला. यंत्र, तार, नंबर यांच्या जोडीला उठून उचलणारं माणूस असतं, तेव्हा फोन होतो. इतकी वर्षं ते माणूस ती होती. आता पाळी माझी. मी मोबाइलचा आवाज चालू केला.

दुपारी वही काढली. अर्ध्याहून जास्त नावांवर बाबांच्या हातची बारीक आडवी रेघ होती, त्यांच्यानंतरच्या रेघा आईच्या. उरली नऊ. पहिलं नाव समोरच्या वहिनींच्या लेकीचं, आता बेळगावला असते. मी आकडे वाचायला लागले.

"आधी शून्य," आई म्हणाली. 2021 च्या जानेवारीपासून लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावावं लागतं, हे तिच्या बोटांना माझ्याआधी ठाऊक होतं.

पलीकडून "कोण?" असं आलं. आजवर या फोनवर ती नेहमी म्हणायची, "मास्तरांच्या घरून बोलतेय." आज क्षणभर थांबली आणि तिनं स्वतःचं नाव सांगितलं. पलीकडं आनंदाचा केवढातरी आवाज झाला, मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. मग चौकशा झाल्या, गुडघे झाले, वहिनींची आठवण निघाली. शेवटी आईनं नवा नंबर सांगायला घेतला, एकेक आकडा सावकाश. प्रत्येक आकड्यानंतर ती थांबत होती, पलीकडं लिहून होईपर्यंत.