चित्रातला घोडा आणि १९६७ची लोटस

१९९८ साली पॅपिरस या अमेरिकी कंपनीने ‘ग्रां प्री लेजेंड्स’ हा शर्यतींचा गेम बाजारात आणला. त्यातल्या गाड्या त्या वर्षीच्या नव्हत्या, १९६७च्या ग्रां प्री हंगामातल्या होत्या: निमुळत्या, उघड्या चाकांच्या, पंख नसलेल्या, आणि चालवायला इतक्या अवघड की नवख्याची गाडी पहिल्याच वळणावर गरकन फिरून गवतात जाऊन बसे. गेम फारसा खपला नाही. पण ज्यांना तो लागला त्यांना वर्षानुवर्षं सुटला नाही. पॅपिरसचे सहसंस्थापक डेव्हिड केमर यांनी पुढे उभारलेल्या ‘आयरेसिंग’मध्ये आणि इटलीच्या ‘असेटो कोर्सा’मध्ये १९६७ची लोटस ४९ चालवायला मिळते. त्याच यादीत तिच्या दुपटीहून अधिक ताकदीच्या आधुनिक गाड्याही असतात. तरी माणसं या जुन्या गाडीकडे का वळतात? स्मरणरंजन हे उत्तर हाताशी आहे, पण ते पोकळ आहे. २००० नंतर जन्मलेल्या मुलाला झांडवूर्टच्या शर्यतीत लोटसचा चालक जिम क्लार्क जिंकल्याचं स्मरण कुठून असणार? रूपाची भूल म्हणावी, तर चालवणाऱ्याला गाडीचं रूप दिसतच नाही. त्याला दिसतं स्टिअरिंग, पुढची दोन चाकं आणि रस्ता.

उत्तरासाठी गाडीच्या बांधणीकडेच जावं लागतं. लोटस ४९मध्ये तीन लिटरचं कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन होतं, ताकद सुमारे ४०० अश्वशक्ती आणि गाडीचं वजन जेमतेम ५०० किलोच्या आसपास. हवेच्या दाबाने गाडीला रस्त्याशी जखडणारे पंख फॉर्म्युला वनमध्ये आले ते १९६८ साली. त्यामुळे या गाडीची पकड म्हणजे चार टायर आणि त्यांच्यावर पडणारं वजन, बस्स. ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, गाडीचं शेपूट बाहेर जाऊ लागतं. पाय दाबला की वजन पुन्हा मागे. वळण स्टिअरिंगने जेवढं घ्यायचं, तेवढंच उजव्या पायाने. आधुनिक गाडीचा न्याय उलटा. तिथे वेग वाढला की पंखांवरचा दाब वाढतो आणि त्याबरोबर पकडही. जे वळण भीत भीत घेतलं तर चाकं घसरतील, तेच बेधडक घेतलं तर निभावतं. ही अजब करामत आहे, पण तिचं कारण हवेत दडलेलं आहे. जुन्या गाडीत कारण आणि कार्य यांच्यामध्ये तिसरं कोणी नसतं. गाडी घसरली तर चूक कोणाची, हे विचारावं लागत नाही. माझं म्हणणं असं, की माणसं या गाडीत शोधतात ते हेच: आपल्या कृतीचा ताबडतोब आणि विनामध्यस्थ मिळणारा जाब.

यावर पहिला आक्षेप येतो तोच सगळ्यांत गंभीर. त्या काळी हा जाब जिवाचा होता. मे १९६७मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत लोरेंझो बांदिनी हा चालक जळत्या गाडीत अडकला आणि तीन दिवसांनी गेला. एप्रिल १९६८मध्ये हॉकेनहाइमला खुद्द क्लार्क गेला. गेममध्ये गाडी झाडावर आदळते आणि एक बटण दाबताच पुन्हा जागेवर उभी राहते. मग ज्याला आपण जाब म्हणतो तो इथे उरतोच कुठे? ज्याचं फळ भोगावं लागत नाही, त्या कृतीला कृती तरी म्हणायचं का? गीतेचा हवाला इथे कोणी दिला तर तो मान्य करू नये. फळाची अपेक्षा सोडणं ही खेळणाऱ्याची साधना नव्हे. तो तर सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी झुरत असतो.

या प्रश्नाची उत्तम मांडणी हजारेक वर्षांपूर्वीच्या काश्मिरी नाट्यचर्चेत सापडते. नाट्यशास्त्राचा भाष्यकार शंकुक याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण त्याचं मत नंतरचा भाष्यकार अभिनवगुप्त याने नोंदवून ठेवलं आहे. रंगमंचावरचा नट हा राम आहे, हे ज्ञान खरं नाही, खोटं नाही, संशय नाही आणि नुसतं सादृश्यही नाही. ते चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा’ म्हणण्यासारखं आहे. पडद्यावरची लोटस पाहताना होतं ते असंच. मात्र शंकुकाचा दाखला इथे एका जागी तुटतो, आणि तो तुटतो तिथेच खरी गंमत आहे: चित्रातल्या घोड्यावर बसता येत नाही, या घोड्यावर येतं, आणि तो पाडतोही. गाडी खोटी असली तरी तिला सावरण्याचं कसब खोटं नसतं. रॉबर्ट नोझिक या तत्त्वज्ञाने १९७४ साली एक यंत्र कल्पिलं होतं, त्यात शिरलं की हवा तो अनुभव मिळेल असं. त्याचं म्हणणं, असं यंत्र आपण नाकारू, कारण आपल्याला केल्याचा भास नको असतो, करायचं असतं. लोटसचा गेम हे नोझिकचं यंत्र नव्हे. ते यंत्र क्लार्कचा विजय बसल्या जागी देईल. गेम मात्र ज्याला येत नाही त्याला काहीच देत नाही.

भयाचं काय, याचंही उत्तर अभिनवगुप्ताकडे आहे. भयानक रसाची चर्चा करताना तो ‘शाकुंतला’तल्या हरणाचं उदाहरण घेतो. दुष्यंताच्या रथापुढे जीव घेऊन पळणारं ते हरीण पाहताना प्रेक्षकाला ‘मी भ्यालो’ असंही वाटत नाही आणि ‘तो कोणी भ्याला’ असंही नाही. भय कोणा एकाचं राहत नाही, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. स्वतःच्या सुखदुःखात बुडालेल्याला रस मिळत नाही, असंही तो बजावतो. कोणी म्हणेल, हे प्रेक्षकाला लागू. खेळणारा तर स्वतः सारथी आहे. खरं आहे, आणि म्हणून त्याची अवस्था मिश्र असते: हात कर्त्याचे, भय रसिकाचं. १९६७मध्ये धाडस आणि कसब एकाच माणसात इतकी मिसळलेली होती की एकातून दुसरं वेगळं काढून पाहता येत नव्हतं. गेमने ती फारकत केली. खेळणाऱ्याला कसब मिळवता येतं. धाडसावर त्याने हक्क सांगू नये, कारण ते त्याच्याकडून कोणी मागितलेलंच नसतं.

आणखी एक शंका: घरच्या खुर्चीत शरीराला काहीच जाणवत नाही, मग हे कसब तरी कितीसं खरं? पण नेमकं इथेच जुनी गाडी चित्रात अधिक टिकते. तिचे टायर एकदम सुटत नाहीत, सावकाश आणि लांबवर घसरतात. ती घसरण डोळ्यांनी पाहता येते, स्टिअरिंगच्या थरथरीतून हाताला कळते. आधुनिक गाडीची पकड सुटते ती क्षणात, आणि त्याची पहिली खबर पाठीला लागते. ती पाठ गेममध्ये मुकी असते.

उरतो तो जिवाच्या किमतीचा प्रश्न. १९६६ साली स्पाच्या शर्यतीत जॅकी स्टुअर्ट हा चालक पेट्रोलने भिजलेल्या, मोडलेल्या गाडीत अडकून पडला होता. त्याला ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट या दोन सहस्पर्धकांनी उसना पाना आणून सोडवलं. त्यानंतर त्याने कठडे, डॉक्टर, पट्टे यांसाठी मोहीम उघडली, तेव्हा शर्यतीतला प्राणच काढून घेतला जातोय अशी टीका त्याच्यावर झाली. टीकाकारांचं गृहीत असं, की धोका हाच या खेळाचा गाभा. ते तपासायला त्या काळी साधन नव्हतं, कारण धोका पूर्ण काढून तीच गाडी, तोच रस्ता ठेवणं अशक्य होतं. आता ते झालं आहे. धोका शून्यावर आणला, गाडी तीच ठेवली, आणि माणसं तरीही पहाटेपर्यंत एकच वळण घासत बसतात. वादाचा निकाल स्टुअर्टच्या बाजूने लागतो, आणि साक्ष देतात ते त्याच्या टीकाकारांच्या लाडक्या गाडीचे आजचे भक्त.