सत्तेचाळीस जिवांचा धनी

माणसाला देव व्हायचं असेल तर फार तपश्चर्या लागत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी पुरते. मला ती निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी दिली. खरं म्हणजे मी मनगटी घड्याळाची वाट बघत होतो. पण "साहेब, आता तुम्हाला वेळ बघायचं कारणच काय?" असा त्यांचा युक्तिवाद पडला. टाकीसमोर बसलं की वेळ छान जातो म्हणे. तीस वर्षं मी टेबलासमोर बसून वेळ छान घालवला होता, हे त्यांच्या ध्यानात असावं.

टाकीत घालायला मी चार काळे मासे आणले. एक नर, तीन माद्या.

"नाव काय यांचं?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"मोली."

"कोण मोली?" हे विचारताना त्यांच्या कपाळाला जी आठी पडली, ती 'माशाची जात आहे' असं तीनदा सांगितल्यावरच गेली.

ही मंडळी मूळची मेक्सिकोकडची. इतक्या लांबच्या पाहुण्यांना बारामती मानवेल का, अशी मला धास्ती होती. दुकानदार म्हणाला, "काका, बिनघोर राहा. मोलीला जड पाणीच लागतं." हे ऐकून मला धन्य वाटलं. आमच्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ तीन शिट्ट्यांत शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीवर पांढरे थर चढतात. त्या पाण्याची तारीफ करणारं या पृथ्वीतलावर कुणी तरी निघालं!

महिना गेला आणि एका सकाळी टाकीत काळे ठिपके हलताना दिसले. मोली अंडी घालत नाही. तिची अंडी पोटातच वाढतात आणि थेट पोहती पिल्लं बाहेर येतात. एका वेळी वीस, तीस, कधी त्याहूनही जास्त, आणि साधारण दर महिन्याला. मोरोपंतांनी याच बारामतीत राहून एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात. गावच्या पाण्यातच काही तरी असावं.

मी सौभाग्यवतींना हाक मारली. "अगं, बाळंतपण झालं!" त्या पदराला हात पुशीत आल्या. आम्ही दोघं कौतुकानं वाकून बघतो आहोत, तोच बाळंतीण शांतपणे वळली आणि तिनं एक पिल्लू गिळलं. मग दुसरं. मग बापही पंगतीला बसला. पंधरा मिनिटांत टाकी पूर्ववत चौघांची झाली.

"कसली आई म्हणायची ही!" सौभाग्यवती म्हणाल्या आणि तडक स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी आमच्या चिरंजिवांना पुण्याला विनाकारण फोन केला.

माझ्या मनातून मात्र ते दृश्य जाईना. मोरोपंतांची 'केकावली' आठवली. केका म्हणजे मोराची हाक. पंतांनी देवाला घातलेली ती हाक आहे, मला तार म्हणून. माझ्या टाकीतल्या ठिपक्यांना तर हाक मारायला आवाजही नव्हता. आणि त्यांच्या विश्वात वरून बघणारा, हात घालू शकणारा असा एकटा मीच होतो. मी ठरवलं की पुढच्या खेपेला देव झोपलेला नसेल.

पुढच्या खेपेला देव पहाटे चारपासून स्टुलावर बसला होता. हातात चहाची गाळणी. एकेक पिल्लू बाहेर पडे आणि मी ते अलगद उचलून वेगळ्या बरणीत सोडी. आई तोंड उघडून झेपावे आणि माझी गाळणी मध्ये येई. सहा वाजता सौभाग्यवती उठल्या तेव्हा बरणीत सत्तेचाळीस जीव पोहत होते. इतकं पुण्य मी उभ्या आयुष्यात एका बैठकीला कमावलं नव्हतं. त्यांनी फक्त गाळणीकडे बघितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन गाळण्या झाल्या, तरी चहाला दोन्ही चालेनाशा झाल्या ते वेगळंच.

मग सुरू झाली जोपासना. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक बोटानं कुस्करून दिवसातून चार वेळा. माझा स्वतःचा बलक डॉक्टरांनी बंद केला होता, त्यामुळे त्यागाचंही समाधान मिळत होतं. पिल्लं आईच्या तोंडात मावेनाशी झाल्यावर मी त्यांना मोठ्या टाकीत सोडलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागलो. "या सगळ्यांना मी वाचवलंय," असं म्हणताना माझा आवाज आपोआप कीर्तनकारासारखा होई.

आमच्या टाकीत पन्नास-पंचावन्न लिटर पाणी मावतं. त्यात आता एक्कावन्न मासे झाले होते. मासा खातो तसा मळही टाकतो, त्या मळाचा अमोनिया होतो आणि तो साठला की पाण्याचं विष होतं. हे सगळं मी नंतर शिकलो. आधी काय शिकलो, तर सकाळी दिवा लावला की टाकीवर काय तरंगतं ते. तेरा पिल्लं आणि त्यांची आई.

मी त्यांना जास्वंदीखाली पुरलं. पुरता पुरता मनात एक ओंगळ हिशेब सुरू झाला. आईनं पिल्लं खाल्ली, तेव्हा पाणी स्वच्छ राहिलं होतं. मी पिल्लं वाचवली, तर आईच मेली. आता पापी कोण? ती पाण्याचा विचार करून पिल्लं गिळत होती असं मी म्हणत नाही. माशाला 'हे माझं' असं काही कळत नाही. समोर बारीक हललं की खायचं, एवढंच. पण मला तर कळत होतं! मला सगळं कळत होतं, फक्त उद्याचं सोडून. हाक आल्यावर वरचा देव लगेच धावून का येत नाही, याचं एक कारण मला त्या सकाळी जास्वंदीखाली सुचलं. तो बहुधा लिटर मोजत असावा.

ही पैदास आता थांबवायची म्हणून नराला काढून बरणीत एकांतवास दिला. महिन्यानं एका मादीला पुन्हा पिल्लं झाली. मी बरणीकडे संशयानं बघितलं. नंतर समजलं की मोलीची मादी नराचं बीज पोटात महिनोन् महिने राखून ठेवते आणि त्यावर बाळंतपणं उरकते. बिचाऱ्याची शिक्षा मी त्याच दिवशी माफ केली.

मग मासे वाटायला निघालो. समोरच्या वहिनींनी सहा घेतले, तेही 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही भिंतीवरची पाटी आठवून. गप्पी हे मोलीचे चुलत भाऊ, डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातं ते पाण्यात सोडत आलं आहे. बाकी शेजारी मला लांबून येताना बघून दार लावू लागले. पूर्वी विमा उतरवणाऱ्यांना बघून लावायचे तसंच.

गप्पींवरूनच मला युक्ती सुचली. सरकार मासे पाण्यात सोडतं, तर मी का नाही? मेव्हणा इंदापूरला असतो. तिथून उजनीचं पाणी जवळ. एवढा अथांग जलाशय! माझे अठ्ठावीस जीव तिथे मोकळे होतील आणि मीही. या 'मीही'कडे मी मुद्दामच दुर्लक्ष केलं.

एका रविवारी प्लॅस्टिकच्या कॅनला झाकणावर भोकं पाडून मी एस्टीत बसलो.

"काका, कॅनमध्ये काय?" कंडक्टर.

"मासे. जिवंत आहेत."

"जिवंत असतील तर तिकीट पडतंय. हाफ का फुल?" सगळी गाडी हसली. भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी... तुकोबांची पालखी जाते त्याच वाटेवरून मी मांडीवर भूतदया घेऊन निघालो होतो. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला ती माझ्या धोतरावर सांडत होती.

मेव्हण्याकडे पोचलो तर पानं वाढलेली. "दाजी, आज तुमच्यासाठी खास चिलापी आणलीया. सकाळीच पाण्यातनं काढलेली." तळलेल्या तुकड्यांचा वास काय वर्णावा! मी तिसरा तुकडा मागून घेतला तेव्हा मेव्हण्याची नजर कोपऱ्यातल्या कॅनकडे गेली.

"दाजी, हे मासं वाचवायचं, आन् ते खायचं, ही वाटणी कशी केली म्हणायची?"

"हे माझ्या ओळखीचे आहेत," मी म्हणालो. तोंडात घास असताना माणूस खरं बोलतो.

दुपारी त्याच्या मोटारसायकलवरून आम्ही पाण्याकाठी गेलो. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमेकाठची गावं पाण्यात गेली. मेव्हण्याचं आजोळ त्यांतलंच. तो पाण्याच्या मधोमध बोट दाखवून म्हणाला, "तिथं आमची चिंच हुती." धरणानं किती शेतं भिजवली, हे त्यालाही ठाऊक आहे. त्याचा ऊस त्याच पाण्यावर आहे. पण चिंचेचा हिशेब त्यात बसत नाही.

काठावर एक म्हातारे कोळी जाळं सांधत बसले होते. त्यांनी माझ्या कॅनमध्ये डोकावून बघितलं.

"कुठली जात म्हनायची?"

"मोली. लांबच्या देशातली."

"चिलापीबी तशीच लांबनं आली. पैलं जाळं टाकलं की नाना जातीचं मासं यायचं. आता टाका, तीच येती. वंगाळ कसं म्हनू? तिच्यावरच प्वाट हाय." मग जरा थांबून म्हणाले, "लई मायाळू जात. पिल्लं तोंडात धरून सांभाळती."

मी गप्प झालो. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळचा आफ्रिकेचा. भारतात तो १९५२ साली आणला, लोकांना स्वस्त मासा मिळावा म्हणून, म्हणजे भल्यासाठीच. त्याची मादी अंडी तोंडात धरते, पिल्लंही धोका दिसला की तिच्या तोंडात शिरतात. एक आई पिल्लं तोंडात घेते ती गिळायला, दुसरी घेते ती जपायला. सौभाग्यवतींनी हिला नक्की आदर्श माता ठरवलं असतं. आणि या आदर्श मातेच्या मायेमुळेच, नाना जातींच्या जागी आज जाळ्यात एकच जात येत होती.

मी कॅनचं झाकण उघडून गुडघाभर पाण्यात उभा होतो. माझे मासे सोडले तर दोनच गोष्टी होणार. एक तर चिलापी त्यांना खाणार. मग मी पहाटे चारला उठून वाचवलं ते कशाला? नाही तर ते जगणार, महिन्याला तीस-चाळीस पिल्लं घालणार. मग पन्नास वर्षांनी एखादा म्हातारा इथेच जाळं सांधत माझ्याविषयी काय म्हणेल?

मराठी भाषा फार सोयीची आहे. पिंजऱ्यातल्या पोपटाला मोकळं करणं म्हणजे सोडणं, आणि मांजराची पिल्लं पोत्यात घालून गावाबाहेर टाकून येणं म्हणजेही सोडणंच. शब्द एक असला की माणसाला आपण दोहोंपैकी नेमकं काय करतो आहोत हे स्वतःपासून लपवता येतं. मी अथांग पाण्याकडे बघत होतो ते माशांसाठी नव्हे. रोजचा बलक, आठवड्याची बादली आणि जास्वंदीखालची जागा यांतून मला सुटायचं होतं, आणि वर पुण्यही हवं होतं.

मी झाकण लावलं.

"काय झालं दाजी?"

"काही नाही. पाणी गार वाटतंय." मे महिन्यातलं ते पाणी चहाइतकं गरम होतं. मेव्हणा काही बोलला नाही. चिंचेच्या दिशेनं बघत उभा राहिला.

परतीच्या गाडीला तोच कंडक्टर भेटला. "काय काका, कुणी घेतलं न्हाई व्हय?"

"माझेच आहेत," मी म्हणालो. हे वाक्य मी पहिल्यांदाच बोललो असं मला वाटलं. 'मी वाचवलेत' असं म्हणणं वेगळं आणि 'माझे आहेत' असं म्हणणं वेगळं.

आता हॉलमध्ये जुनी, सेकंडहँड, चार फुटी टाकी आली आहे. दिवाणाची जागा तिनं घेतली. दर रविवारी मी पाव भाग पाणी बदलतो. कंबर दुखते. पुण्य या शब्दाचा खरा अर्थ कंबरेत कळतो, असं माझं मत होत चाललं आहे. जेवढ्यांचं पाणी आपल्या हातून बदललं जाईल, तेवढेच जीव वाचवायला जावं, हा नियमही मी स्वतःला घालून दिला आहे. टाकीत दाट झाडं लावली आहेत. ज्याला लपता येईल त्यानं लपावं, बाकी आई आणि तिचं पोट बघून घेईल. मी मध्ये पडणार नाही.

नियम फार चोख आहे. परवा पहाटे पुन्हा काळे ठिपके दिसले. मी हाताची घडी घालून बसलो. एक गेलं, दोन गेली, पाच गेली. मी हललो नाही. मग एक पिल्लू काचेच्या कोपऱ्यात, अगदी माझ्या नाकासमोर येऊन थांबलं. मागून आई वळताना दिसली.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, चहाची गाळणी कुठे गेली?"

मी उत्तर दिलं नाही. माझे दोन्ही हात पाण्यात होते.